हाक माघारी

बोर्ली पंचतनकडून दिघीच्या बंदराला जाणाऱ्या नव्या रस्त्यासाठी डोंगर पोखरायला घेतला, तेव्हा कंपनीने सगळं बाहेरून आणलं. यंत्रं आणली, ती चालवायला झारखंडची माणसं आणली, हत्तीच्या सोंडेएवढ्या नळ्यांचे पंखे आणले, प्यायचं पाणीसुद्धा बाटल्यांतून आणलं. गावाला एवढं थोरपण सहन होईना. मग चार जणांनी जाऊन आरडाओरडा केला, तेव्हा वाडीतली नऊ माणसं कामावर लागली. त्यांत सदू होता आणि त्याचा पुतण्या गणराज होता.

गणराज भोकं पाडायच्या यंत्रावर मदतनीस. सदूचं नाव कंपनीच्या कागदावर नुसतं हेल्पर म्हणून पडलं. पण हाताला लागलं ते काम त्याचं स्वतःचं, बापापासून चालत आलेलं. सुरुंग उडाला, धूर निघून गेला, की बारा फुटी पहार घेऊन आत जायचं. डोक्यावरचा कातळ ठोकायचा, आवाज ऐकायचा. सुटलेला दगड असेल तर तो पहारीने पाडायचा. छप्पन्न वर्षांच्या वयात चाळीस वर्षं सदू हेच करत आला होता, फक्त आधी ते विहिरींत चालायचं. बोअरवेलची गाडी गावात शिरली आणि विहिरी खोदणारे पडवीत बसले. सदूचा उजवा खांदा डाव्यापेक्षा दोन बोटं खाली उतरलेला, तेवढीच काय ती चाळीस वर्षांची कमाई.

पहारवाल्यांची एक रीत होती. विहिरीत सुरुंग उडाला की पहिला उतरणार तो पहारवाला. चारी अंगांनी कातळ ठोकून झाला की तो खालून हाक देणार, "बरा हाय गाऽ!" ती हाक येईपर्यंत मालकानेसुद्धा काठावरून वाकून बघायचं नाही. आणि हाक एकदा दिली की दिली. ती माघारी घेतलेली कुणी ऐकली नव्हती. हाक माघारी घेणारा पहारवाला म्हणजे दोनदा विचार करणारा न्हावी, त्याच्यापुढे गळा कोण धरणार? सदूच्या बापाने तीनशेच्या वर विहिरी उतरवल्या, पण त्याची एक हाक कधी मागे गेली नाही, हे वाडीत अजून सांगतात.

बोगद्यात आल्यावरही वाडीची माणसं सदूच्या हाकेशिवाय पाऊल आत टाकत नसत. साहेबलोक आधी हसले. मग बघितलं की यात कंपनीचा पैशाचा खर्च नाही, म्हणून चालू दिलं. पुढे पुढे झारखंडचा ऑपरेटर महतोसुद्धा बोगद्याच्या तोंडाशी उभा राहून हाकेची वाट बघायला लागला आणि "आलो गाऽ!" असा उलटा ओ द्यायला शिकला. त्याचा तो "गाऽ" ऐकून डबे घेऊन आलेल्या बायका पदरात हसायच्या.

सदूच्या घरात मात्र या हाकेचं नाव कुणी काढत नसे. अकरा वर्षांपूर्वी एका बागायतदाराच्या विहिरीत सदूने सकाळी हाक दिली होती आणि दुपारी त्याचा धाकटा भाऊ नामा खाली दरडीत गेला. नामाची बायको केसर तेव्हा वर रहाटावर होती. त्यांचा मुलगा गणराज चौदा वर्षांचा होता. कातळ आहे, कधी दगा देतो, असं सगळे म्हणाले आणि सदूनेही तसंच म्हटलं. पण ते खरं नव्हतं. त्या दिवशी जेवायला वर येताना सदूने सवयीने पहार ठोकली होती आणि आवाज जड आला होता. सकाळपेक्षा जड. वरून केसरने विचारलंसुद्धा होतं, "भावजी, येगळा आला का हो आवाज?" आणि सदू म्हणाला होता, "न्हाय, बरा हाय." हे त्याने बायकोला, आवडाबाईलाही सांगितलं नव्हतं. अकरा वर्षं तो ते छातीत घेऊन जेवत होता, झोपत होता आणि केसरच्या हातचा चहा पीत होता.

वैशाख लागला होता. बायका शेतावर राब भाजत होत्या. शेणी, कवळाच्या फांद्या, पातेरा असे थर रचायचे, वरून माती भुरभुरायची आणि पेटवून द्यायचं. त्या राखेत पुढे भाताची रोपं धरायची. सगळ्या डोंगरउतारावर धुराचे पट्टे दिसत होते. तिकडे कंपनीला घाई झाली होती. पाऊस पडायच्या आत बोगदा आरपार व्हायला हवा होता आणि मध्ये साठेक मीटर डोंगर उरला होता. शिफ्टचा साहेब विपुल उरणकडचा, बापाचे ट्रेलर असलेला, मनाने वाईट नव्हे. पण वरून फोन आले की त्याचा आवाज चढायचा.

त्या दिवशी सकाळी सहाला सुरुंग उडाला. सातला सदू आत गेला. बरोबर तेजस्वी होती. ही माणगावची मुलगी, दगडाचं शास्त्र शिकलेली. हातोडी, होकायंत्र, टेप आणि एक छापील कागद घेऊन ती रोज सुरुंगानंतर नवा उघडा पडलेला कातळ तपासायची. भेगा मोजायची, त्या किती रुंद, कुठल्या दिशेने कललेल्या, पाणी पाझरतं का, हे सगळं लिहायची आणि शेवटी कातळाला शंभरपैकी मार्क द्यायची. मार्क चाळीसच्या खाली गेले तर छताला लोखंडी कमानी लावायच्या. एकेक कमान एक दिवस खाणार. चाळीसच्या वर असले तर नुसते बोल्ट आणि सिमेंटचा फवारा. पंचावन्नच्या वर गेले तर तेही लगेच नको, दोन सुरुंग उडवून मग एकदम बोल्ट मारले तरी चालतील. म्हणून विपुल रोज सकाळी तिच्या कागदाकडे दहावीच्या निकालासारखा डोळे लावून बसायचा.

सदू दगडांच्या ढिगावर चढला आणि ठोकत निघाला. काळा कातळ चांगला बोलत होता. दोन सुटे दगड मिळाले ते त्याने पाडले. डाव्या अंगाला, छत वळून भिंतीला मिळतं तिथे, चार बोटं जाडीचा तांबडा थर तिरपा वर गेला होता.

"काका, हा पट्टा काल नव्हता," तेजस्वीने बॅटरी त्यावर धरली.

"न्हवता."

"कसा वाटतोय?"

सदूने थराच्या वर ठोकलं, खाली ठोकलं, थरावर ठोकलं. खण्ण, खण्ण, खण्ण. तेजस्वीने हातोडीचं टोक ओढून बघितलं. विटेवर ओरखडा उठावा तेवढाच उठला.

"पाच-दहा मार्क काढू का याचे?" ती अर्धं स्वतःशीच म्हणाली. पेन कागदावर थांबलं होतं.

इथे सदू गप्प राहिला असता तर बरं झालं असतं. पण एवढी शिकलेली मुलगी आपल्याला विचारते, याचं त्याला सुख होतं, आणि सुखात माणूस चार शब्द जास्त बोलतो. "ताई, ह्या आवाजाचे मार्क कापलेत तर मग देनार कुठल्या आवाजाला?"

तेजस्वी हसली. तिने कागदावर अठ्ठावन्न लिहिले आणि सही केली. सदूने तोंड बाहेर करून हाक दिली, "बरा हाय गाऽ!" आणि तोंडाशी उभी असलेली माणसं महतोसकट ओरडली, "आलो गाऽ!"

अठ्ठावन्न ऐकून विपुल म्हणाला, "क्या बात आहे! बोल्ट नंतर मारू. माल काढा, लगेच पुढची भोकं पाडायला घ्या." तेजस्वी बोर्लीला कंपनीच्या ऑफिसात गेली. डंपर फोडलेल्या दगडाचा माल वाहू लागले.

दुपारी सदू मालाच्या ढिगाऱ्याजवळ जांभळीच्या सावलीत जेवायला बसला. फडक्यात तांदळाची भाकरी, सुका जवळा आणि कैरीची फोड होती. खाडीकडून गरम वारा येत होता. समोर सकाळचा माल पडला होता, काळे दगड आणि त्यांत मधे मधे तांबडी ढेकळं. भाकरीचा तिसरा घास घेताना सदूचं लक्ष एका ढेकळावर गेलं. ते हलत होतं. म्हणजे कुणी हलवत नव्हतं, ते आपसूक खपल्या सोडत होतं. एक खपली निसटली, मग तिच्या मागची.

सदूने हातातला घास खाली ठेवला. ढेकूळ उचललं आणि मुठीत दाबलं. सकाळी ज्याच्यावर हातोडी चालली नव्हती ते मुठीत भाकरीच्या चुऱ्यासारखं झालं. त्याने दुसरं घेतलं, तिसरं घेतलं. ढिगाच्या पोटातलं, वारा न लागलेलं ढेकूळ अजून घट्ट होतं. वाऱ्यावर पडलेली सगळी फुटत होती.

 आत बोगद्यात पंख्याची पिवळी नळी सकाळपासून त्या थरावर वारा सोडत होती.

तो तसाच उठला, पहार घेतली आणि आत चालू लागला. चारशे पावलांची वाट. दिव्यांखालून चालताना त्याच्या मनात पहिल्यांदा कातळ आला नाही, लाज आली. सकाळी हाक दिली, सगळ्यांनी ओ दिला. आता जाऊन काय सांगायचं? बापाचं नाव, वाडीचं नाव. चार तास तर झालेत, अजून चार तास कातळ धरेल. संध्याकाळी बोल्ट बसतील आणि मग कुणाला काही कळायचंही नाही. असा विचार त्याने केला, आणि हाच विचार आपण पूर्वी एकदा केलेला आहे हे त्याला त्याच क्षणी कळलं.

यंत्र धडधडत होतं. गणराज यंत्राच्या डाव्या अंगाला उभा राहून पाण्याची नळी सांभाळत होता. त्याच्या टोपीच्या बरोबर वर तो तिरपा थर होता. सदू पाण्याच्या रिकाम्या पिंपावर चढला, पहार उंचावली आणि थराच्या वर ठोकली. यंत्राच्या आवाजात कानाला काही ऐकू येईना. पण पहारीतून हाताला आलं. सकाळी पहार मनगटात झणझणली होती. आता ती मेल्यासारखी थांबली.

"हाक माघारी गाऽ!" सदू ओरडला.

कुणी वळूनही बघितलं नाही. असला शब्द यापूर्वी कुणी उच्चारला नव्हता, आणि उच्चारला तो यंत्राने गिळला. सदू पिंपावरून उतरला आणि त्याने पहार यंत्राच्या लोखंडी अंगावर दणकन हाणली. महतोने दचकून यंत्र बंद केलं. एकदम शांतता झाली, पंख्याचा तेवढा घूं घूं आवाज. आता पुन्हा म्हणायचं होतं, आणि आता सगळे ऐकत होते.

"हाक माघारी," सदू म्हणाला.  "सकाळची माझी हाक माघारी. भाएर व्हा सगळे."

वाडीचे लोक एकमेकांकडे बघू लागले. गणराजच्या तोंडावर आधी हसू आलं, मग ते विरलं. "आबा, काय बोलतावं? ऊन लागला का तुमाला?"

"भाएर व्हा म्हटलं ना!"

पहिला उतरला तो महतो. त्याला रीत दोन महिन्यांचीच माहीत होती, म्हणून ती मोडल्याचं त्याला काही वाटलं नाही. बाहेर हो म्हटलं, तो झाला. त्याच्या मागून बाकीचे निघाले. सगळ्यांत शेवटी गणराज निघाला, मान खाली घालून. सदूच्या जवळून जाताना तो पुटपुटला, "आता तोंड कुठं दाखवायचा आमी?"

बाहेर विपुल धावत आला. काय झालं ते ऐकून त्याने कपाळावर हात मारला. "काका, दिमाग ठिकाणावर हाय ना? सकाळी तुम्हीच बोललात बरा हाय. मॅडमची सही हाय. अठ्ठावन्न मार्क!"

"सकाळी व्हता बरा. आता न्हाय."

"दगड काय दूध हाय का, सकाळी चांगला नि दुपारी नासला?"

सगळे हसले. वाडीचेही हसले, आणि ते सदूला जास्त लागलं. त्याने मुठीतला तांबडा चुरा विपुलपुढे धरला. विपुलने बघितलं न बघितलं आणि फोन कानाला लावला. वरचे साहेब काय बोलले ते सगळ्यांना ऐकू येण्याइतकं मोठ्याने बोलले. फोन ठेवून विपुल म्हणाला, "उद्यापासून तुम्ही आत नाय. ढिगाऱ्यावर डंपर मोजायचे. आणि या कागदावर अंगठा द्या, काम तुम्ही बंद पाडलं म्हणून."

"सही करता येते मला," सदू म्हणाला. त्याने चौथीपर्यंत गिरवलेल्या अक्षरांत पूर्ण नाव लिहिलं. मग पहार आडवी धरून तो बोगद्याच्या तोंडात बसला. "ताई येऊन बघंस्तवर आत कोन जानार न्हाय. जायचा त्यानं माझ्यावरनं जावा."

म्हाताऱ्याला उचलून बाजूला करणं काही अवघड नव्हतं. पण ज्यांनी आत जायचं त्यांचे पाय उचलेनात. हसत होते खरे, पण जात कुणी नव्हतं. दोन वाजले, तीन वाजले. आत काहीसुद्धा पडलं नाही. दर पंधरा मिनिटांनी कुणीतरी म्हणायचं, "पडला का गा?" आणि हशा व्हायचा. सदू उन्हात बसून राहिला. एकदा तर त्याच्या मनात येऊन गेलं, की पडावं आता, माझी लाज राखायला तरी पडावं. मग त्याला स्वतःचीच शिसारी आली.

चार वाजता तेजस्वी आली. विपुल तिला तक्रार सांगत होता, पण ती सदूसमोर उकिडवी बसली. सदू तिला ढिगाऱ्यापाशी घेऊन गेला. ढिगाच्या पोटातलं एक घट्ट ढेकूळ उकरून तिच्या हातात दिलं आणि वाऱ्यावरचं एक दिलं. तिने दोन्ही बघितली. चहावाल्याकडून काचेचा ग्लास मागून घेतला, त्यात पाणी भरलं आणि घट्ट ढेकळाचा तुकडा सोडला. सगळे भोवती गोळा झाले. आधी बुडबुडे आले. मग कडा सुटल्या. विपुलच्या हातातला चहा संपायच्या आत ग्लासाच्या तळाशी तांबडा गाळ बसला होता.

कुणी हसलं नाही.

तेजस्वीचं तोंड उतरलं होतं. "हे मी सकाळीच करून बघायला हवं होतं," ती म्हणाली. "पुस्तकात आहे हे. दोन कातळांच्या मधला तांबडा थर उघडा पडला की फुटतो. मला माहीत होतं, काका."

"माझ्या बोलन्यावर गेलात तुमी."

"सही माझी आहे."

तिने बॅगेतून सकाळचा कागद काढला, अठ्ठावन्नवर आडवी रेघ मारली आणि गुडघ्यावर धरून नवे आकडे मांडले. भेगा, थर, पाणी, दिशा. बेरीज चौतीस आली.

"मॅडम, असं खोडता नाय येत," विपुल कळवळून म्हणाला. "कमानी परवा येणार. दोन दिवस बसून राहायचं? वर काय सांगू?"

"सांगा की भूवैज्ञानिकाची चूक झाली. माझं नाव सांगा." तिने नव्या आकड्याखाली सही केली. "उद्या सकाळी मी आणि काका आत जाऊन पुन्हा बघतो. तोवर कुणी जायचं नाही. आणि काका ढिगाऱ्यावर जाणार असतील, तर मीही तिथेच बसते."

त्या संध्याकाळी घरी आल्या आल्या गणराज भिंतीकडे तोंड करून पडला. आवडाबाईने तीन हाका मारल्या तरी जेवायला उठला नाही. "ताटावर कसला राग काढतोस रे? भात तुज्याशी भांडला का?" ती करवादली. केसर चुलीपाशी होती. बातमी वाडीत सदूच्या आधी पोहोचली होती, म्हणजे तिला सगळं ठाऊक होतं. तिने सदूच्या पानात कालवण वाढलं, आणि वाढताना पळी पानावर क्षणभर तशीच थांबली. सदूने वर बघितलं नाही.

सकाळी सात वाजता सदू आणि तेजस्वी आत गेले. विपुलही आला, त्याने डोक्यावरची टोपी दोनदा चाचपली. बोल्ट आणि सिमेंट मारलेल्या छताखालून ते चालत गेले. सदू जाता जाता ठोकत होता आणि छत चांगलं बोलत होतं. जिथे सिमेंट संपून उघडा कातळ सुरू होत होता तिथे पंधरा पावलं अलीकडे तो थांबला. तेजस्वीने बॅटरी पुढे टाकली. त्या तिरप्या थरातून तांबडी बारीक धूळ एका रेघेत खाली झरत होती.

"नळी बंद करा त्या पंख्याची," तेजस्वी म्हणाली आणि फोटो घ्यायला एक पाऊल पुढे सरली.

सदूने पहार तिच्यासमोर आडवी धरली. "थांबा."

थोडा वेळ काहीच झालं नाही. मग छतातून कापड फाटल्यासारखा लांबट आवाज आला आणि डाव्या अंगाचा कातळ, खोलीएवढा, एकसंध सुटून खाली आला. पायांखालची जमीन उडाली. धुरळ्याने दिवे दिसेनासे झाले. विपुल खाली बसून कुणाचं तरी नाव घेत होता, बहुतेक आईचं. धूळ खाली बसायला दहा मिनिटं लागली. काल सदू ज्या पिंपावर चढला होता ते पिंप दगडाखालून ताटलीसारखं चपटं होऊन एका कडेने बाहेर दिसत होतं. गणराज काल जिथे नळी धरून उभा होता तिथे उभं राहायला जागाच उरली नव्हती.

तेजस्वी रडत होती आणि रडता रडता कागदावर वेळ लिहीत होती. सात वाजून बावीस मिनिटं.

बाहेर आल्यावर सगळ्यांनी सदूला घेरलं. महतोने त्याचे हात धरले. विपुलने कालचा सहीचा कागद खिशातून काढून टरकावला आणि म्हणाला, "काका, गाडी देतो, घरी जा आज. हजेरी लावतो." वाडीतले एकदोघे म्हणाले, बापाचा कान हाय याच्याकडं. गणराज लांब उभा होता. तो जवळ आला नाही. आत जाऊन बघून आला होता आणि तोंड राखेसारखं झालं होतं.

सदूने गाडी घेतली नाही. लोक वाहवा करत होते आणि त्याला ती सोसवत नव्हती. काल हाक माघारी घेता आली, म्हणजे नामाच्या वेळीही घेता आली असती. चार पावलं आणि दोन शब्द, एवढंच तर होतं. अकरा वर्षं त्याने मनाला समजावलं होतं, की रीत होती, इलाज नव्हता. आता ते समजावणंही त्याच दगडाखाली गेलं होतं. तो पायवाटेने तडक शेतावर गेला.

केसर एकटीच राबाशी होती. आवडाबाई पाण्याला गेली होती. राब विझत आला होता आणि केसर निरगुडीच्या फांदीने कडेचा विस्तव आत सारत होती. सदूला बघून तिने पदर सावरला. "आला फोन गनराजचा," ती म्हणाली. "पोर वाचला."

"केसर," सदू म्हणाला. तो उभाच होता. "नामाच्या टायमाला मी ऐकलं व्हतं. आवाज बदललेला मी ऐकला व्हता."

केसरचा हात थांबला नाही. तिने एक निखारा आत लोटला, मग दुसरा.

"ठावं हाय," ती म्हणाली.

ती निखारे लोटतच राहिली.

"वर ऐकू आला मला. म्हनून तर इचारलं तुमाला. तुमी न्हाय म्हनालात. मी म्हटलं, पहारवाला म्हनतो न्हाय, तर माझ्याच कानाची चूक." आता तिने फांदी खाली टाकली आणि त्याच्याकडे सरळ बघितलं, जसं तिने अकरा वर्षांत बघितलं नव्हतं. "का न्हाय घेतलीत तवा माघारी?"

सदूने रीत सांगितली नाही. बापाचं नाव सांगितलं नाही. "लाज वाटली," तो म्हणाला.

धूर वाऱ्याने वळून दोघांच्या अंगावर आला. केसर त्यात उभी राहिली, डोळे न पुसता.  मग म्हणाली, "लाजंपायी. माझा मानूस." आणि तिचा आवाज फुटला. सदू तिथेच मातीत खाली बसला. तिने त्याला ऊठ म्हटलं नाही, शिव्या दिल्या नाहीत, काल पोरगं वाचवलंत असंही म्हटलं नाही. रडणं आवरल्यावर तिने पदराने तोंड पुसलं आणि उताराकडे बोट दाखवलं. खालून पायवाटेने गणराज वर येत होता, जवळजवळ पळत.

"त्याला काय सांगितलंय, बाप नशिबानं गेला," केसर म्हणाली. "ह्ये खरं त्याला तुमी सांगायचं. मी न्हाय सांगनार."

गणराज धापा टाकत आला आणि वाकून सदूच्या पायांना हात लावायला गेला. सदूने त्याचे दोन्ही हात वरच्यावर धरले.

"पाया नको पडू," तो म्हणाला. "बस इथं. तुझ्या बापाचं सांगायचं हाय. आधी समदं ऐक, मग काय करायचं ते कर."